परसवाड्याची बोडी

मृग लागला की परसवाड्यास जाण्याचा आमचा परिपाठ पुष्कळ वर्षांचा आहे. यंदाचे जाणे मात्र निराळ्या कामासाठी होते. गावालगतच्या आमच्या वडिलोपार्जित शेतात एक बोडी आहे. भंडारा-गोंदियाकडच्या आणि आमच्या इकडच्या वाचकांना बोडी समजावून सांगावयास नको. इतरांसाठी म्हणून सांगतो की, पावसाचे पाणी अडवून केलेले ते लहानसे तळे, आणि त्याच्या भरवशावर खालच्या बांध्यांत धान पिकते. ती बुजवून तेथे भूखंड पाडावयाचे असा एका गृहस्थांचा विचार होता. आम्ही भावंडांनी तोंडी होकारही देऊन टाकला होता. सही तेवढी राहिली होती.

सोबत पुण्याहून सुटीस आलेला अकरा वर्षांचा नातू होता. बालाघाट सोडून बस घाट चढू लागली. जिल्ह्याला नावच मुळी या घाटावरच्या मुलखाने दिले. वाटेत उकव्याची मँगनीजची खाण लागते, आणि पुढे सालाचे रान दाटत जाते. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश नागपूरच्या राजवटीखाली होता. म्हणून तर आमच्यासारख्यांच्या घरात मराठी, ओसरीवर हिंदी आणि शेतात गोंडी असा त्रिवेणी संगम अद्याप नांदतो. नातवाला यातले काहीच दिसत नव्हते. त्याची मान हातातल्या खेळाच्या यंत्रावर वाकलेली. अखेर आम्ही ते यंत्र काढून पिशवीत टाकले आणि म्हटले, “बाहेर बघ जरा, रान आहे.”

तो रुसला नाही. म्हणाला, “आजोबा, हा खेळ ज्यांनी काढला ना, ते लहानपणी रानातच फिरायचे. किडे पकडायचे.”

आम्हाला ती थाप वाटली. थाप नव्हती, हे नंतर वाचून कळले. सातोशी ताजिरी हे त्या गृहस्थांचे नाव. त्यांचा जन्म १९६५ चा. टोकियोच्या उपनगरातील माचिदा येथे ते वाढले. तेव्हा तेथे भातखाचरे होती, तळी होती, आणि सोबत्यांनी या मुलाचे नाव ‘डॉक्टर किडे’ ठेवले होते. इतर मुले भुंगे धरण्यासाठी झाडाला मध फासत. याने निराळी युक्ती काढली: झाडाखाली दगड ठेवायचा, कारण भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात. पुढे वस्ती वाढली, तळी बुजली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. शहरातल्या मुलांना ती शोधाशोध पुन्हा लाभावी, या ओढीने त्यांनी ‘पोकेमॉन’ रचला. तो १९९६ साली निघाला. दोन यंत्रे जोडणारी तार पाहून त्यांच्या मनात प्रथम आले ते हे की, तिच्यावरून एखादा किडा पलीकडे चालत जाईल!

परसवाड्यास पोचताच नातवाने शेतावरच्या गड्याच्या मुलांना गाठले. भाषेची अडचण आली असेल, असे आम्हाला वाटले. त्यांना वाटलेले दिसले नाही. बोडीच्या पाळीवरील मोहाच्या झाडाखाली एक चपटा दगड टेकवण्यात आला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उचलला, तर खाली एक काळा, शिंगाचा भुंगा! नातवाने तो दोन बोटांत धरला नाही, ओंजळीत घेतला. मृगाचे मखमली तांबडे किडे तर तेथे पावलोपावली होते. आमच्या लहानपणी आम्ही ते काड्यापेटीत ठेवीत असू, हे आम्हाला त्याच क्षणी आठवले. इतकी वर्षे का आठवले नाही, कोण जाणे.

संध्याकाळी ओसरीवर तो बोलत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो. ‘मारियो’चे कर्ते शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे गावचे. लहानपणी डोंगरात त्यांना एक गुहा सापडली. आत जाण्याचा धीर होईना. अखेर एके दिवशी ते कंदील घेऊन शिरले. त्या गुहेची आठवण त्यांनी १९८६ च्या ‘झेल्डा’त उतरवली. खेळाडूला आधी वाट दाखवायची नाही, त्याला स्वतः धजावू द्यायचे, ही त्यांची रीत आम्हाला फार आवडली. आम्ही शाळेत शिकविताना नेमके उलटे करीत आलो.

पण आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते गुन्पेई योकोई. क्योतोची निन्टेन्डो ही मंडळी १८८९ पासून हानाफुदा नावाचे पत्ते करणारी. योकोई १९६५ साली तेथे यंत्रे राखण्यास लागले. रिकाम्या वेळी त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी लांबवर पोचणारा एक हात बनवला. मालकांनी तो पाहिला, आणि रागावण्याऐवजी विकावयास काढला! नवलाईच्या महाग वस्तूंपेक्षा जुन्या, स्वस्त, चांगल्या परिचयाच्या वस्तूंतून नवे काही काढावे, असे त्यांचे मत होते. १९८९ चा ‘गेम बॉय’ त्याच मतातून झाला: पडदा रंगीत नाही, पण चार लहान बॅटऱ्यांवर कितीतरी वेळ चालणारा. समोर अंगणात गड्याचा मोठा मुलगा बांबूच्या दोन काठ्यांची गेडी बांधून चिखलातून ताडताड चालत होता. आम्ही नातवाला म्हटले, “हा बघ, तुझा योकोई.” तो हसला, आणि घटकाभराने स्वतःच त्या गेडीवरून चिखलात पडला.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ कागद घेऊन आले. भाव चांगला होता, माणूसही सज्जन. धाकट्या भावाला मुलीच्या शिक्षणासाठी पैशाची निकड आहे, हेही खरे. आम्ही त्यांना चहा दिला आणि दिवाळीपर्यंत मुदत मागितली. भावाला दूरध्वनी केला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, किड्यांसाठी?” आम्ही म्हटले, “तुझ्या वाट्याचे काहीतरी करू, पण बोडी सध्या राहू दे.” काय करणार, ते त्या वेळी ठाऊक नव्हते, आजही हिशेब पुरता जुळलेला नाही.

परतीच्या बसमध्ये यंत्र आम्ही आपण होऊन नातवाच्या हाती दिले. घाट उतरेपर्यंत त्याने ते उघडले नाही. मांडीवर भोके पाडलेला एक डबा होता, आणि आतला भुंगा झाकणावर पाय घाशीत होता. बालाघाटच्या बसस्थानकावर उतरल्यावर त्याने विचारले, “आजोबा, याला इथे सोडले तर तो परत बोडीवर जाईल का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पहिल्या बसने पुन्हा परसवाड्यास गेलो.