एका तिकिटाची दुपार

मोठ्या शहरात एकटीनं दुपार काढायची आणि खर्च बेतानं करायचा, हे बोलायला सोपं आहे. पण शहरं आता कुणाला फुकट बसू देत नाहीत. चहाच्या दुकानात जरा टेकलं की दुसरा चहा मागवावा लागतो. मॉलमधली बाकडी खाण्याच्या दुकानांसमोरच मांडलेली असतात. बागेला दुपारी कुलूप असतं. त्यातून बाई एकटी बसलेली दिसली की कुणीतरी विचारतंच, "कुणाची वाट बघताय?" कुणाचीच वाट न बघता बसता येतं, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. म्हणून मोकळी दुपार मिळाली तरी बहुतेक बायका ती घरी नेतात आणि धान्य निवडण्यात घालवतात.

मला अशी दुपार नालछ्यात मिळते. कामासाठी धारहून इथं यावं लागतं, आणि कधीकधी काम जेवणवेळेच्या आतच आटपतं. मग चौकात उभं राहून ठरवायचं, कोणत्या शहरात जायचं? एक शहर इंदूर. तिथं राजवाडा आहे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, छत्र्यांच्या सावलीत टेकताही येतं. पण धारवरून तिथं पोचेपर्यंतच दुपार सरते. दुसरं शहर दहा-बारा किलोमीटरवर. आज त्याची वस्ती जेमतेम एखाद्या मोठ्या गावाएवढी, पण पंधराव्या शतकात सगळा माळवा तिथून चालायचा. ते म्हणजे मांडवगड, हल्लीच्या पाट्यांवरचं मांडू.

माळव्याच्या सुलतान होशंगशाहानं धारची गादी उचलून या डोंगरावर नेली आणि आमचं धार मागे पडलं. नालछा तेव्हा राजधानीच्या वाटेवरचं ठाणं होतं. आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांतून घुमट उभे दिसतात. एखाद्याच्या सावलीत बैल बांधलेले असतात. 1728 च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पांच्या फौजेनं अमझेऱ्याची लढाई जिंकली आणि पुढे हा मुलूख पवारांकडे आला. मराठी घरं इथं रुजली ती त्यानंतर. शतकभरानं सर जॉन माल्कम मध्य हिंदुस्थानचा कारभार बघायला आला, तो उन्हाळ्यात नालछ्यातला एक जुना महाल नीट करून त्यात राहायचा. थोडक्यात, नालछ्यात थांबणाऱ्याची नजर मांडवगडाकडे वळतेच.

आश्विनातलं ऊन कडक असतं. पावसाळ्यातली गर्दी ओसरलेली, तळी भरलेली, आणि मधल्या वारी तर बसही अर्धी रिकामी. काकडाखोहची खोल दरी उजेडात झळाळून मागे जाते, मग आलमगीर दरवाजा येतो. औरंगजेबाच्या काळात, 1668 च्या सुमारास, तो दुरुस्त झाला. पूर्वी या दरवाजातून हत्ती गेले असतील. आता धारची बस त्याच्या दगडांना न घासता निघून जाते, हेही कसबच.

मांडवगडात तिकिटं तीन ठिकाणी लागतात: जहाज महालाचा परिसर, होशंगशाहाची कबर, आणि रूपमतीचा मंडप. प्रत्येकी पंचवीस रुपये. शंभराच्या नोटेत तिन्ही बसतात, पण मग खाणं आणि परतीचं भाडं बसत नाही. म्हणून निवड करावी लागते, आणि या निवडीतच दुपारची गंमत आहे. गाडी करून आलेली मंडळी दोन तासांत तिन्ही ठिकाणं उरकतात, फोटो काढतात आणि जेवायला निघतात. एकच तिकीट काढणारी मात्र त्या एका जागेतून पैसे पुरेपूर वसूल करते. मी जहाज महालाचं काढते. रूपमतीच्या मंडपातून स्वच्छ हवेत लांब खाली नर्मदा पांढऱ्या रेघेसारखी दिसते हे खरं, पण तिथं सावली कमी आणि रूपमतीची प्रेमकहाणी सांगणारे फार.

जहाज महाल सुमारे एकशेवीस मीटर लांब. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव. दोन्ही भरले की नाव सार्थ होतं. वरच्या गच्चीवर पाण्याची एक नागमोडी पन्हळ आहे. पाणी वळसे घेत जावं, त्याचा वेग मोडावा आणि गाळ वाटेतच बसावा, अशी तिची रचना. डोंगराच्या माथ्यावर नदी नाही, म्हणून या शहरानं पावसाचा थेंब न् थेंब अडवला. चंपा बावडीशेजारच्या तळघरात उतरलं की भर दुपारी अंगावर गारवा येतो. पंखा, वीज, दर तासाचा आकार, यांपैकी काही नाही. गारवा पाचशे वर्षांपूर्वी बांधून ठेवलेला आहे.

हा महाल गियासुद्दीन खिलजीचा असं सांगतात. त्यानं 1469 ते 1500 राज्य केलं. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की त्याच्या जनानखान्यात पंधरा हजार बायका होत्या. आकडा फुगवलेला असेल, पण त्याचं पुढचं वर्णन विचार करायला लावतं. त्या बायकांचं म्हणे आपलं असं एक शहरच होतं: कुणी हिशेब ठेवी, कुणी शिकवी, कुणी कारागिरी करी, कुणी हत्यार घेऊन पहारा देई. प्रत्येकीला रोजचं धान्य आणि रोजची नाणी ठरलेली. म्हणजे पोटाची सोय होती, हातात पैसा होता, कामही होतं. नव्हती ती एक गोष्ट: आज मी बाहेर जाते, संध्याकाळी येते, असं सांगून दरवाजा ओलांडायची मोकळीक. त्याच गच्चीवर पाय सोडून बसताना मला माझी शंभराची नोट पुष्कळ वाटते.

याच सुलतानाच्या दरबारात 'निमतनामा' हे पाककृतींचं चित्रमय पुस्तक सुरू झालं आणि त्याच्या मुलाच्या काळात पुरं झालं. त्यात समोशांच्या कितीतरी कृती आहेत, आणि कित्येक चित्रांत मिशाळ सुलतान स्वतः स्वयंपाकावर देखरेख करताना दिसतो. पुस्तक आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मांडवगडात राहिले ते दाल-पानिये. मक्याचं पीठ घट्ट मळायचं, पानांत दाबायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचं; वरून तूप, सोबत डाळ. पान सोलताना त्याच्या शिरा पानियावर उमटलेल्या दिसतात. एका ताटात माझं जेवण होतं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा भूक लागत नाही.

जेवणानंतरची जागा तर बिनतिकिटाची. रेवाकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मलिक मुगीसची मशीद आहे, 1432 ची. तिच्या समोर जुनी कारवान सराई. मधे ऐसपैस चौक, भोवती लांबच लांब कमानीच्या ओवऱ्या. शाही महाल सुलतानांसाठी, कबरी त्यांच्या मरणानंतरसाठी; ही एक इमारत मात्र वाटसरूंसाठी बांधलेली. व्यापारी यायचे, उंट-बैल चौकात सोडायचे, माल ओवरीत लावायचे आणि पाठ टेकायचे. मीही तिथं पाठ टेकते. वारा एका कमानीतून येतो आणि दुसरीतून जातो. एखादी शेळी डोकावते. कुणी काही विचारत नाही.

प्रवाशाला इथं नेहमीच इतकी सुखाची जागा मिळाली असं नाही. 1617 मध्ये जहांगीर काही महिने मांडवगडात राहिला. त्याच्यासाठी जुने महाल दुरुस्त करायला तीन लाख रुपये खर्च झाले. त्याच्याबरोबर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो आला होता. त्याला मुक्कामाला मिळालं एक ओसाड आवार, मधे कबर. पाण्याची ओरड आणि रानातल्या जनावरांचा उपद्रव यांची तक्रार त्यानं रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. बादशहाच्या तीन लाखांतलं पाणी वकिलापर्यंत पोचलं नव्हतं. शहर किती श्रीमंत आहे, यापेक्षा त्याची सोय कुणापर्यंत पोचते, हे बघायला हवं.

उन्हं कलली की रस्त्याकडेला गोरखचिंचेची फळं घेऊन भिल्ल बायका बसलेल्या असतात. अवाढव्य बुंध्याची ही झाडं आफ्रिकेतून आली आणि मांडवगडात रमली. फळाला इथं मांडूची इमली म्हणतात. आतला पांढरा गर आंबट, कोरडा, तोंडात हळूहळू विरघळणारा.

"अकेली आई?" त्यातली एक विचारते.

"हो, एकटीच."

"अच्छा किया," म्हणून ती जास्तीचा एक तुकडा पुडीत टाकते.

उरल्या पैशांत बसचं भाडं निघतं आणि एक चहाही होतो. बसची वेळ मात्र उतरल्याबरोबर विचारून ठेवावी.

शहराची थोरवी सांगताना लोक तिथल्या इमारती, बाजार, रस्ते मोजतात. मी एक साधी कसोटी लावते: खिशात शंभर रुपये असलेली बाई भर दुपारी एकटी तिथं सावलीत, पाण्याजवळ, कुणाला कारण न सांगता बसू शकते का? एके काळी ओस पडलेलं मांडवगड या कसोटीला उतरतं. इंदूर, पुणे, मुंबई यांच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, महापालिका आहेत. त्यांनी दुपारी बागांची कुलपं काढावीत, झाडाखाली चार बाकं टाकावीत आणि प्यायच्या पाण्याचा एक नळ चालू ठेवावा. मोठं शहर म्हणवून घ्यायला एवढं तरी करायलाच हवं.