चकतीचा व्यास

मोटारीला चकाकी आणण्याचा विषय निघाला की लोक यंत्राची किंमत विचारतात, पॉलिशचे नाव विचारतात. यंत्राच्या तोंडाशी बसणाऱ्या स्पंजाच्या वा लोकरीच्या चकतीचा व्यास मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते निम्मे काम त्या व्यासावर ठरते.

पूर्णा-नांदेड लोहमार्गावर, परभणी जिल्ह्यात, चुडावा हे गाव आहे. तेथे आमच्या थोरल्या बंधूंची लाल मारुती ८०० त्यांच्या पश्चात अंगणात उभी होती. मराठवाड्याचे ऊन आणि काळ्या रानाची धूळ यांनी आपले काम केले होते; लाल रंग तर उन्हापुढे लवकर हार खातो. टपावर पांढुरकी कळा आली होती. गाडी नव्याने रंगवून घ्या, असे जो तो सुचवी. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भाऊजी, रंग ह्यांनी निवडलेला आहे. तोच राहू द्या."

आता जे करायचे ते उरलेल्या रंगातच. पॉलिश करणे म्हणजे रंगावर काही चढविणे नव्हे. वरचा अंश घासून पृष्ठभाग सपाट करणे होय. कारखान्यातून निघालेल्या मोटारीचा रंग अस्तरासकट साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. एकावर एक ठेवलेले दोन केसच म्हणा ना! आम्ही फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन एक कोपरा चोळून पाहिला. फडके लाल झाले. वर पारदर्शक थर नव्हता. निघेल तो रंगच निघणार होता.

नांदेडहून आलेला कारागीर तरुण होता. ७ इंची लोकरीची चकती काढून म्हणाला, "काका, दोन तासांत उरकतो बघा." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मोठी चकती सपाट जागा झपाट्याने आटोपते. पण मिनिटाला १,५०० फेरे घेताना तिची कड सुमारे ८४० मीटर धावते. ३ इंची चकतीची अवघी ३६० मीटर. मारुतीसारख्या लहान गाडीला एवढी सपाट जागा आहे कुठे? बॉनेटच्या घडीवर, दाराच्या कडेवर रंग मुळातच पातळ असतो आणि मोठी चकती नेमकी तेथेच घासते.

मग लहान चकती सौम्य समजावी काय? तसेही नाही, वाचकहो. ७ इंचीचे क्षेत्रफळ ३ इंचीच्या पाचपटींहून अधिक असते. हाताचा भार तोच ठेवला, तर लहान चकतीखाली दाब पाचपट होतो आणि उष्णता एकाच जागी साचते. तिला हलक्या हाताने, थांबू न देता फिरवावे लागते. (ग्राइंडरला चकती लावून पॉलिश करणारे आम्ही पाहिले आहेत. तो मिनिटाला ११,००० फेरे घेतो. रंग करपणारच!)

शेवटी बॉनेट, टप आणि दारे यांसाठी साडेपाच इंची मऊ स्पंज ठरला. तो फिरताना किंचित डोलणाऱ्या यंत्रावर बसविला. त्यामागची तबकडी ५ इंची, म्हणजे तिची कठीण कड रंगाला लागू नये. खांब आणि आरशाभोवती ३ इंची. घड्यांवर कागदी चिकटपट्टी लावली. तरुणाने आधी कुरकुर केली, नंतर स्वतःच पट्ट्या फाडून देऊ लागला.

काम दिवसभर चालले. टपाच्या पुढल्या कडेला अस्तराचा करडा रंग आधीपासूनच डोकावत होता. तेवढा बोटभर पट्टा आम्ही तसाच मंद राहू दिला. वहिनींनी त्यावरून पदराचे टोक फिरविले आणि चहा ठेवायला आत गेल्या.