दहावीचं घर आणि काही घरगुती उपाय

लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, हे कुणीही सांगेल. दुधाला विरजण लागत नसेल तर शेजारच्या काकू वाटीभर दही घेऊन धावत येतील. पण घरातलं मूल हायस्कूलात गेलं की पुढची वर्षं कशी काढावी, याचा उपाय काही कुणी सांगत नाही. मी सकाळी अर्धवेळ शिक्षिका असते. आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. दुपारी घरी आले की दहावीतल्या चिरंजिवांची आई होते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय! तेव्हा मुलांसाठी अनुभवाचे चार बोल लिहिते. मैत्रिणींनो, तुम्हीच ते त्यांना वाचून दाखवा. ती स्वतः वाचणार नाहीत, याची मला खात्री आहे.

पहिला उपाय शेवटच्या बाकाचा. मुलांचा असा गोड गैरसमज असतो की शेवटचा बाक बाईंना दिसत नाही. अरे बाळांनो, खडू हातात घेऊन उभं राहिलं की शेवटचा बाकच समोर दिसतो. दिसत नाही तो पहिला, कारण तो आमच्या नाकाखाली असतो. तेव्हा ज्याला लपायचंय त्यानं पुढं बसावं. आणि वर्गात चिंच खाऊ नये. चिंच दिसत नाही, पण चिंच खाणाऱ्याचं तोंड दिसतं.

दुसरा कंपासपेटीचा. जूनमध्ये नवीकोरी पेटी आणावी, तर दिवाळीपर्यंत तिच्यात उरतं काय? एक करकटक आणि बाभळीचा डिंक. करकटक का उरतं, तर बाकावर नाव कोरायला ते रोज लागतं. कोनमापक मात्र नेमका भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेनऊला हरवल्याचं कळतं. म्हणून आयांनी एक जादा कोनमापक डाळीच्या डब्यामागं दडवून ठेवावा. माझा असतो.

तिसरा डब्याचा. मधल्या सुट्टीतला अर्धा वेळ नळावरच्या रांगेत जातो, म्हणून डबा पाच मिनिटांत संपणारा हवा. रस्सा भाजी देऊ नये. ती पोटात जाण्याआधी इतिहासाच्या वहीत जाते, आणि मग पानिपताच्या लढाईला मसाल्याचा वास येतो. पोळीला तूप आणि शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी करावी. चालता चालता खाता येते.

चौथा उपाय परीक्षेचा, आणि हा मी तपासणाऱ्या बाईंच्या बाजूनं सांगते. गठ्ठ्यातला चाळिसावा पेपर हातात येतो तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते. अशा वेळी प्रश्नाचा क्रमांक समासात स्पष्ट लिहिलेला असला, एक उत्तर संपल्यावर रेघ मारलेली असली, की त्या मुलाबद्दल मायाच वाटते हो! प्रश्न येत नसेल तरी क्रमांक चुकवू नये. आलेलं उत्तर चुकीच्या क्रमांकाखाली लिहिणाऱ्याला कुणीच तारू शकत नाही.

पाचवा पाहुण्यांचा. लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "काय रे, यंदा दहावी ना? किती टक्के पाडणार?" यावर "पाणी आणू का?" म्हणून उठून जावं आणि परत येऊ नये. आयांनी मात्र थोडं लक्षात ठेवावं. आता सहापैकी चांगल्या पाच विषयांवर टक्केवारी निघते. एकदोन विषय राहिले तरी अकरावीला बसता येतं, आणि पुरवणी परीक्षाही असते. 2020 साली तर करोनामुळं भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि 2021 साली अख्खी परीक्षा झाली नाही. ती मुलंही पुढं गेलीच. आमच्या वेळेसारखं 'एक विषय गेला की वर्ष गेलं' असं आता राहिलेलं नाही.

सहावा उपाय होता सहीचा. तोच लिहिताना हात अडखळतो.

सहामाहीनंतर चिरंजिवांचं दप्तर आवरताना भूमितीचा पेपर सापडला. चाळीसपैकी अकरा. खाली वडिलांची सही. सही इतकी सुवाच्य, की लगेच ओळखलं, ही ह्यांची नव्हे. ह्यांची सही बँकेलासुद्धा दोनदा मागावी लागते.

मी रागानं थरथरत होते. वर्गात कुणी असं केलं तर पालकांना बोलावून घेते, आता कुणाला बोलवायचं? तो मान खाली घालून उभा. बऱ्याच वेळानं म्हणाला, "समरूपतेपासूनच मला काही कळत नाहीये, आई. जूनपासून."

"मग सांगायचं नाही?"

"तूच म्हणतेस ना, माझं गणित कधी अडलं नाही म्हणून. मग कसं सांगणार?"

मी गप्पच झाले. कारण मी म्हणत होते. पहिलीपासून म्हणत होते. मुलाला हुरूप यावा म्हणून म्हटलेलं एक वाक्य, म्हणता म्हणता मलाही खरं वाटू लागलं होतं.

स्टूल घेतलं, माळ्यावरची ट्रंक काढली. लग्नातल्या शालूखाली माझी 2003 सालची गुणपत्रिका होती. ती त्याच्या हातात दिली. गणित, दीडशेपैकी छप्पन्न. त्यानं एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग हसला. मला वाटलं होतं, आता हा मला कधीच मानणार नाही. तो म्हणाला, "म्हणजे तुलाही प्रमेयं यायची नाहीत?"

"अजूनही येत नाहीत."

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं ओट्याशेजारी पाट टाकून बसतो. तो मला पायथागोरस समजावतो आणि मी न समजल्यासारखं करते. खरं म्हणजे करावं लागत नाही. मला समजावताना त्यालाच समजत गेलं. पूर्वपरीक्षेत बावीस मिळाले. त्या पेपरावर सही मात्र ह्यांनी केली. कुणालाही वाचता आली नाही.

तर मैत्रिणींनो, मुलांसाठी लिहायला बसले आणि शेवटचा उपाय आयांसाठीच निघाला. आपली गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी ठेवू नये. हाताशी ठेवावी.

एवढं मात्र सांभाळा. मी ती गडबडीत टेबलावरच विसरले आणि सासूबाईंनी चष्मा लावून सावकाश वाचली. म्हणाल्या, "द्वितीय श्रेणी होय? बघायला आलो तेव्हा तुझे बाबा तर फर्स्ट क्लास म्हणाले होते."

यावर माझ्याकडं उपाय नाही. कुणाला ठाऊक असल्यास जरूर कळवावा.