भीतीचा हिशेब

भीतीचं एक बरं असतं, ती फार वेळ टिकत नाही. तिच्या तावडीत असताना मात्र हे कुणी सांगून पटत नाही. छातीत धडधड सुरू होते, तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते, ओठांभोवती नि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. डॉक्टर तपासतात, ईसीजी नॉर्मल येतो. 'गॅस असेल' म्हणून घरचे ओवा देतात. भीतीचा हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो नि मग ओसरतो. पण तेवढ्या वेळात आपण संपलो, याची मनाला खात्रीच पटलेली असते.

ही खात्री तपासण्यासाठीच मी वही ठेवते. किराण्याच्या हिशेबाला आणलेली, उभ्या रेघा मारलेली. रकाने असे: कुठे, आधी काय, अंगात काय, मनात काय, पुढे काय झालं. एक नोंद अशी: 'ठाणे फास्ट, घाटकोपर सुटल्यावर. रात्री झोप नाही. उपाशीपोटी दोन चहा. धडधड, मुंग्या. वाटलं, डब्यातच कोसळणार. ठाण्याला उतरले, मेथी घेतली.' 'कोसळणार'च्या शेजारच्या रकान्यात मेथीची जुडी! दहा समजुतींनी जे साधलं नसतं, ते त्या जुडीने साधलं.

मुंग्यांचंही गूढ उरलं नाही. घाबरलो की श्वास भराभर चालतो, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, त्यानेच मुंग्या येतात, गरगरतं. मग त्या मुंग्यांचीच भीती वाटते नि श्वास आणखी पळतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं: शरीराच्या साध्या खुणेला आपण संकट समजतो आणि त्या समजुतीनेच खूण वाढते.

म्हणून झटका चालू असताना मी लिहीत नाही. नाडीवर बोट ठेवून बसलं की नाडी धावणारच. सगळं ओसरल्यावर, हात स्थिर झाल्यावर, चार ओळी. त्या डॉक्टरांना दाखवल्या, तेव्हा जागरण आणि रिकामं पोट पुन्हा पुन्हा डोकावताना दिसलं. घाटकोपर बिचारं उगाच बदनाम झालं होतं.

चांगल्या दिवसांची नोंद मात्र वहीत नाही. बरं वाटतंय ना, हे तासातासाला विचारत राहिलं की बरं वाटणंही बिचकतं. त्या दिवसांनी माझ्यापुढे हजेरी लावायची गरज नाही. त्यांनी यावं, मला कामाला लावावं आणि वहीची आठवणसुद्धा होऊ देऊ नये.