तगादा

आंद्रेस फ्रॉइंड यांचं काम पोस्टग्रेस या डेटाबेसवरचं. मार्च २०२४मध्ये त्यांच्या डेबियन मशीनवर एसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या साधनाने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागू लागला. दुसऱ्या कुणी खांदे उडवले असते. हे खणत गेले. २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं, की फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला आहे. विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्या हाती, त्याला लॉगिन न करताच सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. त्या आवृत्त्या तोवर डेबियन, फेडोरा वगैरे लिनक्स वितरणांच्या मुख्यतः चाचणी शाखांतच पोहोचल्या होत्या, म्हणून निभावलं.

करामत थक्क करणारी होती. घातक भाग चाचणीच्या फायलींत लपवलेला, आणि त्याला जागं करणारी ओळ फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे आवृत्ती म्हणून वाटल्या जाणाऱ्या कोडच्या गाठोड्यात. उघडं कोड सगळ्यांना दिसतं म्हणून सुरक्षित, असं आपण ऐकत आलो. पण टारबॉल उलगडून कोण बघतं?

मला मात्र त्या कोडपेक्षा २०२२मधल्या ईमेल जास्त अस्वस्थ करतात. फिनलंडचे लासे कॉलिन एक्सझेड बरीच वर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. त्यांच्यामागे काहींनी तगादा लावला: बदल कधी घेणार, रस उरला नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. कॉलिन यांनी कळवलं, की मनाची प्रकृती बरेच दिवस बरी नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे. तरी तगादा थांबला नाही. त्याच काळात जिया तान नावाने कुणीतरी मुकाट्याने, नेटकं काम करून देत होतं. यथावकाश प्रकल्पाच्या किल्ल्या त्याच्याही हाती आल्या. चोरदरवाजा त्यानेच बसवला. तगादा लावणारी नावं पुढे गायब झाली. ती त्याच कटातली असावीत असा कयास आहे.

त्यांतलं एक नाव जिगर कुमार. हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी ऑफिसात खपून जाईल असं. नाव कुणी का निवडलं असेना, त्या पत्रांचा सूर मात्र अस्सल आहे, आणि म्हणूनच तेव्हा कुणाला संशय आला नाही. भामट्यांना वेगळी भाषा घडवावी लागली नाही, आम्हा आयटीवाल्यांची उचलली की काम झालं. क्लायंट मॅनेजरवर ओरडतो, मॅनेजर आमच्यावर, आणि आम्ही तो ताण दूरच्या कुण्या अनोळखी माणसावर ढकलतो, ज्याला आम्ही दमडीही दिलेली नसते. विहिरीचा गाळ एकट्याने उपसणाऱ्याला, पाणी भरायला आलेल्यांनी रहाट कुरकुरतो म्हणून झापावं, तसं.

नंतर चर्चा झाली ती स्वाक्षऱ्या तपासण्याची, निधीची, नव्या साधनांची. हे सगळं हवंच. पण तो तगादा पकडणारं साधन कसं असेल, मला सुचत नाही. खऱ्या आणि खोट्या अधीरतेत फरक काय दाखवणार?

जिया तान कोण, हे आजही उघड झालेलं नाही. बिंग फुटल्यावर गिटहबने काही दिवस कॉलिन यांचंही खातं गोठवलं होतं. निस्तरण्याचं काम अर्थात त्यांच्याच वाट्याला आलं. जुने बदल तपासत, घातक भाग काढून टाकत त्यांनी मे अखेरीस ५.६.२ प्रकाशित केली.