तिसरा सोमवार

आमच्या घरी वाढदिवस असे तो पुरुषांचा आणि मुलांचा. वडिलांचा माघात येई. त्या दिवशी पुरणपोळी. माझा चैत्रात; त्या दिवशी श्रीखंड. आईला मात्र वाढदिवस नव्हता. कोणी तिच्यावर अन्याय करायचा म्हणून नव्हे. एखाद्या घराला जसा माळा नसतो, तसा तिला वाढदिवस नव्हता, इतकेच. नसलेल्या माळ्याची जशी कोणाला आठवण होत नाही, तशी आम्हालाही कधी झाली नाही.

कागदोपत्री तिची जन्मतारीख १ जून १९५६ अशी आहे. जुन्या शाळामास्तरांच्या कृपेने अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनलाच झालेला आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. मी स्वतः मास्तर आहे, तेव्हा या पापात माझाही वाटा आहे. नोकरीची पहिली वर्षे मी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर काढली. पोराला शाळेत घालायला आलेली बाई सांगे, "भाताची लावणी चालली होती गुरुजी, बांधावरच झाला." मी मान हलवी आणि १ जून लिहून मोकळा होई. आणि हाच मी, माझ्या एका कादंबरीतल्या नायिकेचा जन्म कोजागिरीच्या रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी झाल्याचे लिहून बसलो आहे! कागदावरच्या पोरीसाठी घड्याळातली मिनिटेसुद्धा होती. समोर उभ्या राहिलेल्या आईच्या पोरासाठी महिनादेखील नव्हता.

यंदा धाकटीला शाळेतून घरातल्या सर्वांचे वाढदिवस लिहून आणायला सांगितले होते. आजीच्या नावापुढे मी १ जून सांगितला. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"खरा की शाळेतला?"

मास्तरांच्या मुली अशा निघतात. ती उठून तडक स्वयंपाकघरात गेली.

"आजी, तुझा खरा वाढदिवस कधी गं?"

"श्रावणातला सोमवार."

"कितवा?"

"तिसरा," आई म्हणाली आणि कणीक मळू लागली. त्या उत्तराला क्षणाचाही उशीर लागला नव्हता, हे माझ्या लक्षात आले. पण फार उशिरा.

सत्तरावे वर्ष म्हणजे काहीतरी करायलाच हवे, असे सर्वांचे ठरले. माझ्या मेहुण्यांनी आपला पन्नासावा वाढदिवस बायकोमुलांसह रोम शहरात साजरा केला होता. त्यांची छायाचित्रे सौभाग्यवतीने आईला फोनवर दाखवली. कलोसियमच्या भग्न कमानींपुढे सगळी मंडळी ओळीने हसत उभी होती.

"किती जुनं आहे रे हे?" आईने विचारले.

"असेल दोन-एक हजार वर्षांचं."

"आपली पांडवलेणी तेवढीच ना जुनी? ती तरी मी कुठे पाहिलीत!"

मी चपापलो. लग्न होऊन आई नाशकात आली त्याला पन्नास वर्षे होत आली. पांडवलेणी गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे निदान दहा वेळा गेलो असेन, आणि दर खेपेला माझा डबा पहाटे उठून आईनेच भरून दिला होता.

तिसऱ्या सोमवारी शाळा अर्ध्या दिवसाची होती. दुपारी आम्ही निघालो. श्रावणातले नाशिक पाहावे! ऊन आणि पाऊस एकमेकांच्या मागे धावत होते आणि त्रिरश्मी डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवा झाला होता. पायऱ्या सुमारे दोनशे. आई तीनदा बसली, पण तिन्ही वेळा "तुम्ही दमला असाल" असे आम्हालाच म्हणाली. बरोबर उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेली रताळी होती. थोरल्याच्या मते वाढदिवसाला केक हवा होता. श्रावणी सोमवारी केक कसा चालेल, यावर त्याचे आणि धाकटीचे शंभर पायऱ्या भांडण चालले. शेवटी रताळ्याला केक म्हणायचे, असा तह झाला.

वर चोवीस लेणी आहेत. शिकवण्याची सवय जित्याची खोड असते. मी सुरू झालो. बौद्ध भिक्षूंनी वर्षावासात इथे राहावे म्हणून राजांनी, व्यापाऱ्यांनी, साध्यासुध्या माणसांनी ही लेणी दान दिली. पांडवांचा यांच्याशी काही संबंध नाही, वगैरे. आईचे लक्ष मात्र कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे होते.

"एवढ्या माणसांचं पाणी इथंच साठवत होते होय? बरं केलं. नाहीतर खालून कोणीतरी वाहत बसलं असतं."

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली सहा धिप्पाड मूर्ती आहेत. सगळ्या ओसरीचा भार त्यांनी खांद्यावर घेतलेला आहे. मुले वर नक्षी पाहायला धावली. आई त्या सहाजणांपुढे थोडा वेळ उभी राहिली.

ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांतला, प्राकृत भाषेतला एक लांबलचक लेख आहे. गौतमी बलश्री या सातवाहन राणीने तो कोरवला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने शक, यवन, पल्हवांचा पाडाव केला, क्षहरातांचे कुळ निपटून काढले, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले, असे त्याचे वर्णन त्यात आहे. हे सारे मी नेहमीप्रमाणे हातवारे करून सांगितले. लेख कोरला गेला तेव्हा गादीवर नातू होता, पुळुमावी. म्हातारी आई मुलाचे पराक्रम दगडात लिहून ठेवत होती, हेही सांगितले.

"मुलाचं झालं," आई म्हणाली, "स्वतःविषयी काय लिहिलंय तिनं?"

आजवर आणलेल्या शेकडो विद्यार्थ्यांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता.

"सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी, असं लिहिलंय. महाराजाची आई आणि महाराजाची आजी, असंही."

"आणि दिवस?"

"पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस."

"हा तिच्या जन्माचा?"

"छे! लेणं दान दिलं त्याचा."

"म्हणजे तिचाही नाही लिहिला," आई हसून म्हणाली. "पण दिवस सांगायची रीत बघ आमच्या आईसारखीच. ऋतू, पंधरवडा, दिवस. तारीख नाही, तरी चुकायचं नाही."

धाकटीने नेमका दोरा धरला. "आजी, तुझा तिसराच सोमवार कशावरून?"

ओसरीच्या कडेला बसून, रताळ्याचे साल काढीत आईने सांगितले ते असे. तिचे माहेर अंजनेरीजवळच्या एका खेड्यातले. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा पूर लोटतो. आजोबांचा नेम होता. रविवारी संध्याकाळी ते फेरीला निघत. १९५६ साल सिंहस्थाचे, त्यामुळे गर्दी विचारू नका. आजीचे दिवस भरले होते, पण नेम मोडायचा कसा? ते गेले. सोमवारी दिवेलागणीला आई जन्मली. आजोबा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, अनवाणी, रात्री परतले. घरात आधीच दोन मुली होत्या. सुईणीने दारातच भीत भीत सांगितले, मुलगी झाली. आजोबांनी पाय धुतले आणि म्हणाले, "फेरी पावली."

"आई मला दर वर्षी त्या दिवशी हे सांगायची," आई म्हणाली. "ती गेल्यावर सांगणारं कोणी राहिलं नाही. मग मीच मनाशी म्हणते."

माझ्या घशात काहीतरी अडकले. "आई, इतकी वर्षं तू आम्हाला बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि हेच मला जड गेले. "शिवाय न सांगायला काय झालं? श्रावणात सोमवार सोडताना गोड काय असतं आपल्याकडे?"

"शिरा."

"आणि तिसऱ्या सोमवारी?"

मी उत्तर दिले नाही. उत्तर माझ्या जिभेवर होते, चाळीस वर्षांपासून होते. तिसऱ्या सोमवारी आमच्या घरी गव्हल्यांची खीर असते. लग्नामुंजीसाठी वळलेल्या गव्हल्यांतून मूठभर ती दर वर्षी बाजूला काढून ठेवी. आम्ही वाटीवर वाटी खाल्ली. ही खीर आजच का, असे एकाही वाटीला विचारावेसे वाटले नाही.

परतताना गोदाकाठी उतरलो. नदीला लाल पाणी होते. नारोशंकराच्या देवळाची घंटा मुलांना दाखवली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा. तिच्यावर १७२१ हे साल आहे. "म्हणजे हिचासुद्धा वाढदिवस लिहिलेला आहे!" धाकटी म्हणाली आणि माझ्याकडे रोखून पाहू लागली. कपालेश्वराला सोमवारची रीघ होती. या महादेवापुढे नंदी नाही. इथे नंदीने देवाला पापमुक्तीची वाट दाखवली, म्हणून देवाने त्याला गुरू मानले, गुरूला आपल्यापुढे कसे बसवायचे, अशी कथा आहे. ही कथा मात्र मी सांगितली नाही, आईने सांगितली. मी मुलांबरोबर ऐकत उभा राहिलो.

घरी आल्यावर दिवेलागणीच्या वेळेला, बरोबर तिच्या जन्मवेळेला, सौभाग्यवतीने आईला पाटावर बसवले आणि ओवाळले. धाकटीने आपल्या वहीत १ जून खोडून "श्रावण, तिसरा सोमवार" असे लिहिले होते. बाईंना हे चालेल का, असे तिने विचारले. चालेल, मी म्हटले. न चालल्यास मी येऊन सांगेन. हे म्हणताना मला पाड्यावरची ती बांधावर जन्मलेली पोरे आठवत होती. त्यांच्या दाखल्यांवर आता काही लिहिता येणार नाही.

आज खिरीला आईला हात लावू दिला नव्हता. तिने पहिला घास घेतला.

"वेलची जरा जास्त झालीय," ती म्हणाली.

आणि मग वाटी पुढे करून तिने दुसऱ्यांदा खीर मागितली. तिला काही दुसऱ्यांदा मागताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.