थरथर नेमकी कुठली?

जुन्या डिझेल जीपमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला स्वस्थ उभी राहणारी गाडी ठाऊकच नव्हती. चालू गाडी म्हणजे थरथरणारच. रोजची थरथर कोणती आणि आज नव्याने आलेली कोणती, एवढंच ओळखायचं असे. ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं आणि साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यापासून वडापच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तळहाताला त्याची सवय झाली. गिअरचा दांडा जागच्या जागी डुलायचा, आरशातला रस्ता दुहेरी दिसायचा, आणि त्यात जरा जरी फरक पडला तरी चालवणारा शेजारच्याशी बोलता बोलता गप्प व्हायचा.

आजच्या डिझेल फोर-बाय-फोरमध्ये सिग्नलला उभं असताना इंजिन चालू आहे की बंद, हे काट्याकडे पाहून ठरवावं लागतं. इंजिनाखालच्या रबरात आता द्रव भरलेला असतो, बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलचे दोन भाग मधल्या स्प्रिंगांवर हिसके झेलतात, आणि प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल द्यायचं हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. हे चांगलंच झालं. पूर्वी नाशिकहून मुंबईला जीपने पोचलं की तासभर हातांना मुंग्या असायच्या, आणि पाठदुखी असलेल्या माणसाला तर मागच्या आडव्या बाकड्यावर बसवायचं धाडस होत नसे. आता आजीसुद्धा झोप काढत घाट उतरते.

तरीही तेव्हाची एक रीत आठवते. गाडी गॅरेजात लागली की मिस्त्री पान्याला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायचा. थरथर उभ्या गाडीत येते की चालत्या? थंड असताना की तापल्यावर? क्लच दाबला की बदलते का? ठरावीक वेगालाच येते आणि पुढे जाते का? प्रत्येक उत्तरागणिक निम्मी गाडी संशयातून सुटायची. उभ्या गाडीत नुसती रेस दिल्यावरही थरथर आली, तर दोष इंजिनात किंवा त्याच्या फाउंडेशनमध्ये. चालत्या गाडीत न्यूट्रल करून इंजिन मंदावल्यावरही ती राहिली, तर शाफ्ट नाहीतर चाकं. क्लच दाबताच तिचा रंग पालटला, तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटकडे नजर. मग मिस्त्री स्वतः चालवायला बसायचा, मालक शेजारी, आणि गॅरेजातला पोऱ्या मागे पत्र्याला कान लावून. त्या फेरीशिवाय निदान पुरं होत नसे.

आता काउंटरवर आपण तीन वाक्यांत सांगतो आणि जॉब कार्डावर एक शब्द उमटतो: व्हायब्रेशन. गाडी आत जाते, आपण काचेच्या अलीकडे थंड हवेत बसतो. कॉफी मिळते, बिलाचा अंदाज आधीच फोनवर येतो, वॉरंटी असेल तर भुर्दंडही पडत नाही. पण थरथर कोणत्या गिअरमध्ये येते, हे विचारणारा माणूस फार क्वचित भेटतो.

तेव्हा इंजिनाचा दोष शोधायची युक्ती डोळ्यांसमोर घडायची. इंजिन मंद चालू ठेवून मिस्त्री सतराचा पाना घ्यायचा आणि नोझलकडे येणाऱ्या पाइपाचा नट अर्धा फेरा ढिला करायचा. डिझेल फसफसून बाहेर यायचं, त्या सिलिंडरचं काम थांबायचं आणि इंजिन लगेच अडखळायचं. नट आवळला की पुन्हा सूर लागायचा. असं एक-एक करत जाताना ज्या नटाने काहीच फरक पडत नसे, तोच सिलिंडर आळशी. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर मंद चालणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला पंचवीस ठोके पडतात. त्यातला एक सिलिंडर गप्प बसला, तर सेकंदाला जेमतेम सहा वेळा येणारा जड हेलकावा तयार होतो. लेझमीच्या पथकात एकाचा हात चुकावा आणि सबंध रांग वाकडी दिसावी, तसा तो हेलकावा तळहाताला लगेच कळायचा. मग नोझल काढून हातपंपावर तपासायचा: बारीक धुकं उडालं तर बरा, धार लागली किंवा थेंब ओघळला तर बाद.

आज ही युक्ती करायची नाही. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो, तो फवारा कातडी भेदून आत शिरतो, हात गमवायची पाळी येते. त्याऐवजी स्कॅनर जोडला की कोणत्या सिलिंडरला किती कमी-जास्त डिझेल देऊन संगणक समतोल राखतोय, त्याचे आकडे पडद्यावर येतात. म्हणजे इंजिन आपला अशक्तपणा स्वतःच झाकून नेतं, आणि झाकता येईनासा झाला की मगच आपल्या हाताला जाणवतो. सोय म्हणून हे उत्तम. फक्त आजाराची सुरुवात आता आपल्याला कळत नाही.

जुन्या दिवसांचं खरं बोलायचं तर त्या कानांनी फसवलंही खूप. फॅन बदलला, रबरं बदलली, क्लच उतरवला आणि थरथर होती तिथेच, असं कितीदा तरी व्हायचं. बऱ्याचदा कारण एवढंसं असे की सायलेन्सरचा पाइप चेसीला टेकलेला, आणि तिथे घासून चकचकीत झालेला डाग कुणी वाकून पाहिलेला नसे. शाफ्ट उघडून जोडताना दोन खुणा समोरासमोर न आल्यामुळे नवीच थरथर पदरात पडायची. उस्ताद आपली विद्या पोऱ्याला सहजी देत नसे. पोऱ्या उघड्या हातांनी डिझेलमध्ये पार्ट धुवायचा आणि चाळिशीत त्याला कमी ऐकू यायचं. बाई गाडी घेऊन आली तर तिला प्रश्न विचारायचे सोडून सोबत कोण आहे, हे विचारलं जाई. स्कॅनरचे आकडे निदान सगळ्यांना सारखे दिसतात.

हे सगळं मान्य करूनही हुरहूर उरते ती एका छोट्या गोष्टीची. काम झालं की बॉनेटवर चहाचा काचेचा ग्लास ठेवायचा. इंजिन चालू, चहावर बारीक गोल वलयं. आधी ती वलयं फुटून चहा काठावर चढायचा, आता कशी एकसारखी राहतात, हे मिस्त्री, मालक आणि पोऱ्या तिघं वाकून पाहायचे. दुरुस्ती झाल्याचा तो दाखला होता. त्यावर कुणाची सही लागत नसे, आणि तिघांनाही तो वाचता यायचा.

आज त्या जुन्या जीपा हौसेने सांभाळणारी तरुण मंडळी फोन डॅशबोर्डला चिकटवतात आणि कंपाचा आलेख काढतात. शिखर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सरकतं की चाकांच्या वेगाबरोबर, हे त्यात स्वच्छ दिसतं. पुढच्या चाकांना मोकळे सुटणारे हब नसतील तर दोन चाकांवर चालतानाही पुढचा शाफ्ट फिरत राहतो. तो काढून फेरी मारली आणि आलेख शांत झाला, की चोर सापडला. आमच्या तळहातापेक्षा हे निदान अचूक आहे, यात शंका नाही. पण मोजायचं कधी, क्लच दाबून की सोडून, शाफ्ट ठेवून की काढून, हे प्रश्न त्या जुन्या मिस्त्रीचेच आहेत.

म्हणून जुनी थरथर परत यावी, असं आम्हाला मुळीच वाटत नाही. मागणं एवढंच आहे की नव्या वर्कशॉपने गाडीवाल्याला काचेपलीकडे बसवण्याआधी दहा मिनिटं शेजारच्या सीटवर बसवावं आणि विचारावं. दोष स्कॅनर शोधेल. गाडी ऐकायची सवय मात्र कुणी विचारलं तरच लागते, आणि ती लागलेला माणूस पुढचा बिघाड रस्त्यात गाडी बंद पडायच्या आधी ओळखतो.